लेकीचा प्रॉम आहे? आधी बसचे पैसे विचारा

जानेवारीत एक दिवस पोरगी शाळेतून येते, बॅग सोफ्यावर फेकते आणि म्हणते, आई प्रॉमचं ग्रुप चॅट सुरू झालंय. त्या क्षणी तुम्ही पोळ्या लाटत असाल तर गॅस बंद करा आणि खाली बसा, कारण खर्च त्या दिवशीच सुरू झालेला असतो, आपल्याला फक्त मे महिन्यात कळतं. मी दोन मुलांचे मिळून तीन प्रॉम काढलेत इथे अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत (लेकीचा ज्युनिअर प्रॉम कोविडने खाल्ला, नाहीतर चार झाले असते) आणि दर फेब्रुवारीत मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की अगं साधारण किती लागतात गं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रॉम म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांची नटूनथटून जायची नाचगाण्याची रात्र, आमच्याकडे मे-जूनमध्ये असतो, शाळेत नाही तर एखाद्या बँक्वेट हॉलमध्ये, बहुतेक त्याच हॉलमध्ये जिथे मागच्या वर्षी आपल्यातल्याच कुणाच्या मुलीचं रिसेप्शन झालेलं असतं. अकरावीचा ज्युनिअर प्रॉम आणि बारावीचा सिनियर प्रॉम, काही शाळा दोन्ही एकत्र करतात. आपण दहावीच्या सेंडऑफला आईची साडी नेसून, सेफ्टी पिना लावून, वेफर्स आणि बटाटेवडा खाऊन घरी आलो तसंच हे, फक्त इथे साडी आईची नसते आणि वड्याचे शंभर डॉलर पडतात. लेकीच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना ड्रेस दाखवला तर पुण्याहून पहिला प्रश्न आला, लग्न कुणाचंय? आणि दुसरा, तो शेजारी उभा आहे तो कुणाचा मुलगा?

तर आकडे. व्हिसा कार्डवाले मधे काही वर्षं प्रॉमच्या खर्चाचा सर्व्हे करायचे. २०१३ ला अमेरिकेची सरासरी आली होती ११३९ डॉलर, आणि आमच्या इकडे ईशान्येला १५२८, मिडवेस्टात मात्र ७२२, म्हणजे अर्ध्याहून कमी. २०१५ ला सरासरी उतरून ९१९ वर आली आणि त्यातले ३२४ डॉलर नुसत्या प्रॉमपोजलचे, म्हणजे 'माझ्याबरोबर प्रॉमला येशील का' हे विचारायचे! विचारायचे! त्याच सर्व्हेतली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे वर्षाला २५ हजारांपेक्षा कमी कमावणारी घरं सरासरी १३९३ डॉलर घालत होती आणि ५० हजारांच्या वरची घरं ७९९. हे वाचून मला आपल्याकडची लग्नंच आठवली, कर्ज काढून मांडव घालणारा कोण असतो ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आपलं पोरगं चारचौघांत कमी दिसू नये हा धाक ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच जास्त असतो.

हे जुने आकडे झाले. आमच्या घरचे सांगते, लेकीचा सिनियर प्रॉम, २०२२. तिकीट ११०, ड्रेस २६५, ड्रेसची आल्टरेशन ८५, हील्स ६०, केस टिपसकट ९०, नखं टिपसकट ६५, मुलाच्या कोटाला लावायचं फूल १८, बस ११०, आणि चिकटपट्ट्या पिना क्लच असलं किरकोळ ४०. बेरीज ८४३. मेकअप तिने घरी केला म्हणून बरं. आता बघा, ज्या ड्रेसवरून आमच्या घरात दोन आठवडे भांडणं झाली तो ड्रेस यात एक तृतीयांशसुद्धा नाहीये. बाकीचे पावणेसहाशे डॉलर कुठे गेले तर पन्नास-साठ-नव्वद करत झेल आणि व्हेन्मो या पैसे पाठवायच्या ॲप्सवरून गेले, जाताना आवाजही झाला नाही. नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडलं तेव्हा दिसलं. मग त्याने शेजारच्या रकान्यात रुपयांत गुणलं, ते मात्र करायचं नाही, साठ-पासष्ट हजार असा आकडा बघितला की आपण फक्त चिडतो, निर्णय काही घेता येत नाही.

धाकट्याचा ज्युनिअर प्रॉम ४३२ मध्ये झाला. तिकीट ९५, टक्सिडोचं भाडं १९०, डेटसाठी कोर्साज (मनगटाला बांधायची फुलं) ३२, बस ८५, केस कापणं ३०. मुलग्यांचं स्वस्त पडतं हे खरंय आणि अन्यायाचंही आहे पण काय करणार.

आता करायचं काय ते सांगते.

आधी पाकीट ठरवा

आपण काय करतो, पोरगी एकेक गोष्ट मागायला येते आणि आपण एकेकीला हो नाही करत बसतो. बरं हो, बरं नाही, बरं जाऊ दे घे. यात सगळे दमतात आणि पैसेही वाचत नाहीत. त्यापेक्षा जानेवारीतच, ग्रुप चॅट तापायच्या आधी, एक रक्कम सांगून टाका. आहेराचं पाकीट असतं तसं. यात तिकिटापासून टिपपर्यंत सगळं बसवायचं, वरचे पैसे तुझ्या कमाईतले, उरले तर तुझे. धाकट्याला सिनियर प्रॉमला आम्ही चारशे दिले आणि त्याने जे केलं ते मी कधी सुचवलंही नसतं. त्याच्याकडे डेकाच्या (शाळेतल्या मुलांच्या बिझनेस क्लबच्या) स्पर्धेसाठी घेतलेला काळा सूट होताच, अकरावीत मित्रांनी सगळ्यांनी टक्सच घालायचा म्हणून दबाव आणला होता, बारावीत स्वतःच्या पाकिटातून १९० जाणार म्हटल्यावर पठ्ठ्याने पंधरा डॉलरचा बो टाय आणला आणि म्हणाला कोण बघतंय. कुणीच बघितलं नाही!

आणि मुलं काम करत असतील तर तासांचा हिशोब त्यांनाच करू द्या. २०२५ मध्ये न्यू जर्सीत बहुतेक नोकऱ्यांना किमान वेतन तासाला १५.४९ डॉलर होतं, म्हणजे ३१० डॉलरचा ड्रेस म्हणजे बोबा टीच्या दुकानात वीस तास उभं राहणं, टॅक्स कापून जास्तच. आपण व्याख्यान देण्यापेक्षा हे गणित बरं, ते मुलांना लगेच कळतं.

रक्कम ठरवताना एक लक्षात असू द्या की बारावीचा वसंत ऋतू म्हणजे नुसता प्रॉम नाही. कॉलेजचं डिपॉझिट बहुतेक ठिकाणी १ मेच्या आत भरायचं असतं, कॅप-गाऊनचे पैसे, इयरबुक, सिनियर ट्रिप, ग्रॅज्युएशन पार्टी, सगळं त्याच दोन महिन्यांत कोसळतं. एपीच्या, म्हणजे शाळेतच देतात त्या कॉलेजच्या तोडीच्या परीक्षांचे पैसे आधीच शरदात गेलेले असतात, २०२५ ला एका पेपरचे ९९ होते, पण परीक्षा मात्र मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत, त्यामुळे ड्रेसची फिटिंग आणि कॅल्क्युलस एकाच आठवड्यात आले की घरात कोण कुणावर ओरडतंय ते कळत नाही.

बस, बस आणि बस

हे मी ड्रेसच्या आधी का घेतलं, तर ड्रेसचा निर्णय तुमच्या घरात होतो आणि बसचा होत नाही. बारा-वीस मुलांचा ग्रुप, त्यातल्या एकीची आई बस बुक करते, आणि तुम्हाला निरोप येतो की उद्यापर्यंत झेल करा. तेव्हा ग्रुपमध्ये कोण आहे, कुठली बस, हे जानेवारी-फेब्रुवारीतच विचारा.

आधी प्रश्न पडतो की लिमोझिन-पार्टी बस हवीच कशाला, सतरा वर्षांची मुलं गाडी चालवतात की. इथेच जर्सीतला नियम आडवा येतो. नवीन लायसन्सवाल्यांना, ज्याला प्रोबेशनरी म्हणतात आणि ज्यांच्या नंबरप्लेटवर लाल स्टिकर असतं, त्यांना रात्री ११ वाजून १ मिनिटापासून पहाटे ५ पर्यंत गाडी चालवता येत नाही, आणि शेजारी आईवडील नसतील तर एकच जण गाडीत घेता येतो. प्रॉम संपतो साडेदहा-अकराला. म्हणजे कायद्याने मुलं स्वतः चार जणांना घेऊन येऊच शकत नाहीत. राहिले दोन पर्याय, बस नाहीतर बाबा. बाबांची मिनी व्हॅन हा उत्तम आणि फुकट पर्याय आहे हे मी छातीठोकपणे सांगते, तीन घरांनी तीन गाड्या वाटून घेतल्या की झालं, पण मुलांना बसच हवी असते कारण खरी मजा हॉलपेक्षा बसमध्ये असते असं त्यांचं म्हणणं. असू दे.

तर बसच घ्यायची ठरली आणि बुक करायचं तुमच्या गळ्यात पडलं तर हे बघा. फोनवर सांगतात तो भाव हा भाव नसतो, त्यावर ड्रायव्हरची टिप वीस टक्के, फ्युएल सरचार्ज, आणि बऱ्याच जणांचं घड्याळ बस त्यांच्या गॅरेजमधून निघाली की सुरू होतं आणि परत गॅरेजमध्ये शिरली की थांबतं. तेव्हा 'सगळं धरून एकूण किती, किती तासांचे' एवढं लेखी घ्या, प्रॉमच्या सीझनला किमान पाच-सहा तास घ्यावेच लागतील असंही सांगतात. इन्शुरन्सची कॉपी मागा, मागायला लाजू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी सगळ्यांचे पैसे गोळा करा मगच स्वतःचं कार्ड द्या. लेकीच्या वेळी बुकिंग मी केलं होतं, सोळा जणांचं, ९५ डॉलर डोई. एप्रिलमध्ये एक जोडी तुटली (सतरा वर्षांच्या मुलांची जोडी टिकेल हे गृहीत धरणारी मी बावळट) आणि ती दोघं दोन वेगळ्या ग्रुपमध्ये गेली, उरलेले चौदा, म्हणून ९५ चे झाले ११० आणि ते वरचे पंधरा-पंधरा डॉलर मागायला मला तेरा आयांना मेसेज करावे लागले. एकीने तर अजून दिलेले नाहीत. मंडळाच्या गणपतीत भेटते, मोदकही देते, पैसे नाही.

शिवाय बस यायची होती साडेपाचला आणि आली सव्वासहाला, कंपनीचा फोन कुणी उचलेना, चौदा मुलं आमच्या ड्राइव्हवेवर आणि मी आतून थंड पाणी आणतेय. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बसवाल्याला खरी वेळ असेल त्याच्या अर्धा तास आधीची सांगून ठेवा.

ड्रेस

एक म्हणजे वेळ. बुटिकमध्ये ऑर्डर देऊन मागवायचा ड्रेस असेल तर दोन-तीन महिने सहज लागतात, म्हणून मुली जानेवारीत सुरू होतात, त्यात नाटक काही नाही. उशीर केलात तर घाईची डिलिव्हरी आणि घाईची शिलाई दोन्हीचे जास्त पैसे. बरीच बुटिकं शाळेचं नाव वहीत लिहून ठेवतात आणि तोच ड्रेस त्याच शाळेच्या दुसऱ्या मुलीला विकत नाहीत, आणि मुली स्वतःही शाळेच्या प्रॉम ड्रेसचं एक इन्स्टाग्राम अकाउंट काढतात, आपापला ड्रेस टाकतात, म्हणजे डबल नको. हे कळलं की मला आधी हसू आलं, मग वाटलं आपल्याकडे लग्नघरात दोन जावांनी एकच साडी नेसली की काय होतं ते विसरलीस का.

दुसरं म्हणजे टॅक्स. न्यू जर्सीत कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, गाऊनवरही नाही, पण पर्स आणि दागिन्यांवर ६.६२५ टक्के लागतो. पेनसिल्व्हेनियातही साध्या कपड्यांवर टॅक्स नाही म्हणून आपण आनंदाने पूल ओलांडून किंग ऑफ प्रशियाच्या मॉलला जातो, तर तिथे फॉर्मल कपडे त्या सवलतीत बसत नाहीत, ६ टक्के लागतात! चारशेच्या गाऊनला चोवीस डॉलर, वर पेट्रोल, टोल आणि फूड कोर्ट. मॉल बघायला जायचं असेल तर जा, पण टॅक्स वाचवायला म्हणून जाऊ नका.

ऑनलाइन स्वस्त ड्रेस फोटोत झकास दिसतात, आले की पडद्याच्या कापडासारखे, सगळेच नाही पण धोका आहे. मागवायचाच तर फेब्रुवारीत मागवा म्हणजे परत पाठवायला वेळ राहील, परतीचे नियम आधी वाचा, टॅग काढला की संपलं. साइज आकड्यावर जाऊ नका, टेपने माप घ्या, गाऊनचे साइज रोजच्या जीन्सपेक्षा लहान निघतात आणि आकडा बघून पोरगी उगाच रडते. भाड्याने घ्यायचा तर रेंट द रनवेसारखी चार दिवसांची सोय आहे. आणि वापरलेले ड्रेस! मागच्या वर्षीच्या सिनियर मुली एकदा घातलेला चारशेचा गाऊन शंभर-दीडशेला देऊन टाकतात, आमच्या लेकीचा २६५ चा तसलाच, मूळचा पाचशेच्या वरचा. भांडण दोन आठवडे चाललं ते 'दुसरीचा घातलेला' या शब्दावरून. एकदा अंगावर चढवल्यावर शब्द संपले.

आल्टरेशनचं मात्र कुणी सांगत नाही. गाऊन उंच बाईसाठी शिवलेला असतो, आपल्या मुली पाच फूट दोन इंच, म्हणजे खालून कापणं आलंच, आणि खाली तीन थर जाळी असली की तीनदा कापायचे पैसे. हील्स आधी घ्या आणि त्याच घालून मापाला जा. आम्ही चपला घालून गेलो होतो, मग परत गेलो. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या देसी बाजारात, आपले टेलर हेच काम बुटिकच्या मानाने स्वस्तात करतात, फक्त मे महिन्यात तेही लग्नाच्या ब्लाउजांमध्ये बुडालेले असतात.

आता लेहंगा. हल्ली बऱ्याच देसी मुली प्रॉमला लेहंगा घालतात आणि छान दिसतात, आमच्या ओळखीतल्या एकीने आजीच्या जुन्या पैठणीचा गाऊन पुण्याहून शिवून घेतला, काठ खाली आणि पदर पाठीवर, पूर्ण हॉल वळून बघत होता म्हणे. पण तीन गोष्टी. काही शाळांच्या ड्रेस कोडमध्ये पोट दिसलेलं चालत नाही, तेव्हा ब्लाउजची लांबी ठरवायच्या आधी शाळेचा कागद वाचा. दुसरं, डिसेंबरच्या ट्रिपमध्ये माप देऊन आलात तर मेपर्यंत मूल बदलतं, शिवणीत माया जास्त ठेवायला सांगा. तिसरं, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो म्हणणाऱ्या मामाच्या भरवशावर मार्चनंतर राहू नये.

केस, नखं, फुलं

यात मी फार पडत नाही. एवढंच की सलॉन प्रॉमच्या दिवसाचं डिपॉझिट घेतात आणि टिप वेगळी असते, ती पाकिटात धरा, नाहीतर शेवटी ती तुमच्याच खिशातून जाते. भुवया ओक ट्री रोडवर थ्रेडिंगला, केस एखाद्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीकडून, मेकअप घरी, असं केलं तर दीडशे डॉलर आरामात वाचतात. दोन मुलींनी एकमेकींचे केस केले तर फोटोही चांगले येतात.

फुलं म्हणजे मुलीच्या मनगटाला कोर्साज आणि मुलाच्या कोटाला छोटं फूल, एकमेकांनी एकमेकांसाठी आणायचं. फ्लोरिस्टकडे न जाता शॉपराइट किंवा वेगमन्स सुपरमार्केटच्या फुलांच्या काउंटरवर आठवडाभर आधी सांगितलं तर स्वस्तात होतं. ड्रेसचा रंग सांगताना 'निळा' म्हणू नका, कापडाचा फोटो दाखवा, धाकट्याने निळा सांगितलं आणि आलं ते मोरपिशी, पोरीचा ड्रेस नेव्ही. ती बिचारी काही बोलली नाही, तिच्या आईने मात्र फोटोंमध्ये तो हात मागे ठेवायला सांगितलं.

डेट नसली तरी चालतं हो, हेही सांगून ठेवते, निम्मी मुलं मैत्रिणी-मित्रांच्या घोळक्यात जातात. आपल्या घरांत 'डेट' शब्दावरूनच जी खळबळ होते तिची खरंतर गरज नाही. बाहेरच्या शाळेतलं कुणी न्यायचं असेल तर गेस्ट फॉर्म लागतो, त्यावर त्या शाळेचीही सही लागते आणि त्याची तारीख तिकिटाच्या आधी संपते.

तिकीट

तिकीट बहुतेक शाळांत टप्प्याने महागतं, पहिल्या आठवड्यात घेतलं तर दहा-पंधरा डॉलर वाचतात, आणि परतावा नाही. काही शाळा लायब्ररीचं हरवलेलं पुस्तक, न दिलेली जर्सी, पार्किंगचा दंड असलं काही थकलेलं असेल तर तिकीटच देत नाहीत. आमचं सातवीतल्या क्लॅरिनेटच्या भाड्याचं काहीतरी निघालं होतं, पाच वर्षांनी! ते फेब्रुवारीत शाळेच्या पोर्टलवर बघून घ्या. काही शाळांत त्या दिवशी हजेरीही लागते, तेव्हा सकाळी सलॉन लावण्याआधी विचारा.

नंतरची रात्र

प्रॉम झाल्यावर शोअरला, म्हणजे समुद्रकिनारी जायचं, सीसाइड हाइट्सला, घर भाड्याने घेऊन तीन दिवस, ही जर्सीतली जुनी प्रथा. डोई दोनशे-तीनशे जातात, वर डिपॉझिट, आणि घर कुणातरी मोठ्या माणसाच्या नावावर घ्यावं लागतं. तो मोठा माणूस तुम्ही होऊ नका. एकवीसच्या खालच्या दुसऱ्यांच्या मुलांना आपल्या घरात दारू देणं किंवा पिऊ देणं जर्सीत गुन्हा आहे, 'घरातच पितायत ना, डोळ्यासमोर' म्हणणारे काही अमेरिकन पालक भेटतील, मान हलवा आणि घरी या. आम्ही शोअरला नाही म्हटलं आणि त्याऐवजी बेसमेंट दिलं, नऊ मुली, रात्री एक वाजता मॅगी आणि फ्रोझन पराठे, खर्च चाळीस डॉलरही नाही. लेक दोन दिवस बोलली नाही. मग ज्या गेल्या होत्या त्यांच्या डिपॉझिटचं काय झालं ते कळल्यावर बोलायला लागली.

निघण्याआधीचे फोटो हाही एक खर्च असतो बरं का, एकाच्या घरी किंवा बागेत सगळी मुलं आणि त्यांचे सगळे पालक जमतात, तीस-चाळीस माणसं. घर तुमचं असेल तर कॉस्टकोची फळांची थाळी, पाणी, आणि समोसे. समोसे आयांसाठी. मुली ड्रेसवर चटणी सांडेल म्हणून काही खात नाहीत. फोटोग्राफर बोलावू नका, प्रत्येक बापाकडे फोन आहे आणि प्रत्येक बाप स्वतःला फोटोग्राफरच समजतो.

पैसे खरंच कमी असतील तर

हे हळू आवाजात सांगायची गोष्ट नाही पण आपण सांगतो हळूच. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं व्हिसाचं चाललेलं असतं, एकाच पगारावर घर असतं. शाळेच्या गाइडन्स कौन्सिलरला एक ईमेल करा, बऱ्याच शाळांकडे तिकिटासाठी गुपचूप सोय असते, इतर मुलांना कळत नाही. काही गावांच्या पब्लिक लायब्ऱ्या मार्च-एप्रिलमध्ये प्रॉम ड्रेस फुकट वाटतात, रांगेत आपल्यासारखीच माणसं असतात, ड्रेस, बूट, पर्स सगळं. ऑपरेशन प्रॉमसारख्या संस्थाही हेच काम करतात. मी एकदा मदतीला उभी राहिले होते, एक मुलगी आईबरोबर आली, तिला जांभळा गाऊन बसला, आणि आई म्हणाली 'किती?' मी म्हटलं काही नाही. तिने तरी पर्स बंद केली नाही, बराच वेळ हातात तशीच उघडी धरून उभी होती.

तिथेच आपले ड्रेस नंतर देऊन टाकता येतात, नाहीतर विकायचे असतील तर जूनमध्ये विकू नका, तेव्हा सगळ्याच विकतात. धुऊन, हेम साफ करून, पिशवीत घालून ठेवा आणि पुढच्या जानेवारीत पॉशमार्कवर (वापरलेले कपडे विकायचं ॲप) किंवा गावाच्या फेसबुक ग्रुपवर टाका. लेकीचा २६५ चा ड्रेस तसाच १२० ला गेला, एका ज्युनिअर मुलीला, तिला तर आल्टरेशनही लागली नाही कारण तीही पाच फूट दोन इंच. ६० डॉलरच्या हील्स मात्र विकल्या नाहीत. त्या अर्ध्या तासात पायातून निघाल्या होत्या, तिने रात्रभर मैत्रिणीच्या बॅगेतल्या फ्लिपफ्लॉप घालून नाच केला. आता कचरा टाकायला जाताना मी त्या घालते.